आयरिश फिडल शिकताना या चुका टाळा

फिडल घरी आली की पहिल्याच आठवड्यात शे-दोनशे ट्यूनचं पीडीएफ उतरवून घेणाऱ्यांची मला आता धास्तीच बसली आहे. वाद्य व्हायोलिनच, पण ही विद्या कानावरची. कागदावर नुसता सांगाडा असतो. कुठला सूर किंचित रेंगाळतो, गज कुठे फिरतो, हे त्यात सापडत नाही. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली १८५० आयरिश चालींचा जाडजूड संग्रह छापला, पण त्यांना स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं. ते वाजवून दाखवायचे आणि पोलीस खात्यातलेच जेम्स ओनील लिहून घ्यायचे.

डब्लिनच्या एका पबमधल्या सेशनला, म्हणजे टेबलाभोवती बसून एकत्र वाजवण्याच्या बैठकीला, आपला एक मराठी गडी टॅबलेट आणि स्टँड घेऊन आला. तिथे दोन-तीन ट्यून सलग वाजतात, नाव कुणी पुकारत नाही. हा पहिलीचं पान शोधेपर्यंत मंडळी दुसरीत शिरलेली. दुसरी सापडली, तर उत्तरार्धात टेबलावरचं वळण वेगळं आणि स्क्रीनवरचं वेगळं. पठ्ठ्याने स्क्रीन काही सोडली नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बासरीवाल्याने बासरी मांडीवर ठेवून ग्लास उचलला. तिथे याहून कडक शेरा मिळत नाही.

माझा शिरस्ता सांगतो. एकच ट्यून आठवडाभर ऐकायची, भांडी घासताना, ट्राममध्ये, कुठेही. पूर्ण गुणगुणता आली की मगच फिडलची पेटी उघडायची आणि दोन-दोन बार (मात्रांचे ठरावीक गट) उचलायचे. बहुतेक ट्यून आठ-आठ बारच्या दोन भागांच्या असतात, प्रत्येक भाग दोनदा. म्हणजे पाठ करायचे सोळाच बार. वेग कमी करणारं अ‍ॅप खुशाल वापरा. नोटेशन अडलंच तर शेवटी बघा.

दुसरी चूक खास आपली. हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेले लोक प्रत्येक सुरावर मींडेने, म्हणजे घसरत, उतरतात आणि जिगचा (सहा मात्रांच्या नाचाच्या ट्यूनचा) नाच जागच्या जागी बसतो. इथे बोट थेट सुरावर पडायला हवं. शिवाय अनेकांना तारा सा-प-सा-प लावायची सवय. फिडलच्या जी-डी-ए-ई या नेहमीच्या जुळणीत शेजारच्या कुठल्याही दोन तारांत सा-पचंच अंतर, त्यामुळे मधल्या तारांवर बोटं हमखास चुकतात. आणि सहा मात्रा दिसल्या म्हणून जिगला दादऱ्यात कोंबू नका. तीन-तीन सुरांच्या गटातला पहिला सूर जरा ऐसपैस असतो. पाय बारमध्ये दोनदाच आपटा. मी तर सुरुवातीला फिडल खाली ठेवून नुसता पायच आपटायला लावतो. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

रोल, म्हणजे एकाच सुराला वरच्या सुराचा झटकन स्पर्श (कट) आणि खालच्या सुराचा (टॅप), पहिल्या महिन्यात नको. साधा सूर बेसूर असेल तर नक्षी कशावर काढणार?

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मायकल कोलमन या फिडलवादकाने १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेली रेकॉर्डिंग रोज ऐका, पण त्याच्या वेगाच्या नादी लागू नका.

वाजवून झालं की गजाचे केस सैल करा. दरवेळी रोझिन (गजाला लावायची राळ) थापू नका, धूळ उडते.

सेशनमध्ये येत नसलेल्या ट्यूनवर हळूच चाचपडणं बंद करा. शेजारच्याला नेमकं तेवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा विचारून फोनवर रेकॉर्ड करा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. नावही तेव्हाच विचारा. निम्म्या वेळा वाजवणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं.