सराव पाठाचा आठवडा: ए.टी.डी.ला नवीन आलेल्यांसाठी

मी छत्रपती संभाजीनगरला आर्ट टीचर डिप्लोमा करते. सराव पाठांसाठी आमच्या गटाला पैठणकडची जिल्हा परिषदेची शाळा मिळाली होती, तिथल्या आठवड्यावरून हे सांगतेय.

आठवडा सुरू होतो रविवारी रात्री, पाठ टाचणाने. घटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावनेचे प्रश्न, फलकलेखन, स्वाध्याय... रकाने भरून सोमवारी मार्गदर्शक सरांची सही घ्यायची. सहीशिवाय पाठ धरत नाहीत. हजेरी, वह्या काढणं आणि 'मॅडम, याने माझा रबर घेतला' यात 35 मिनिटांच्या तासातली दहा तरी जातात. ती वजा करूनच टाचण काढा.

सगळ्यात कस लागतो वस्तुचित्राच्या पाठाला. वस्तू विकत आणू नका. तांब्या, बादली, खिचडीचं पातेलं शाळेतच मिळतं. अडचण असते मांडणीची. पन्नास-साठ लेकरं आणि टेबल एक. पुढे सतरंजीवर बसलेल्यांना बादलीचं तोंड जवळजवळ सरळ रेघ दिसतं, मागच्या बाकांवरच्यांना तेच उघडं लंबवर्तुळ दिसतं. अशात तुम्ही फळ्यावर छान बादली काढलीत की सगळा वर्ग तुमचीच बादली उतरवतो, समोरच्या बादलीकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून फळ्यावर दृष्टिरेषा (डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ) आखा आणि तिच्या वर, तिच्यावर, तिच्या खाली बादलीचं तोंड कसं बदलतं तेवढंच दाखवा. मग पुसून टाका. (फलकलेखनाला गुण असतात, तेव्हा निरीक्षकांची नजर पडू द्या आणि मग डस्टर फिरवा.) जमलं तर वस्तू दोन-तीन ठिकाणी मांडा. आणि मुलाचं चुकलंय असं म्हणण्याआधी त्याच्या शेजारी खाली बसून बघा. पुष्कळदा त्याचंच बरोबर निघतं. दुरुस्ती दाखवायचीच तर कागदाच्या कडेला दाखवा, त्याच्या चित्रावर पेन्सिल चालवू नका.

स्मरणचित्राला 'निसर्गदृश्य' हा विषय देऊ नका, एवढं माझं ऐका. दोन डोंगर, मधून सूर्य, नदीकाठी नारळ येतात. आमच्याकडे नारळ कुठला! मी 'टँकर आला' दिला. हंडे, ड्रम, पाईप, रांगेतली भांडणं, सगळं कागदावर उतरलं. एका मुलीने अख्खं दृश्य वरून काढलं होतं, कारण टँकरवर चढून पाईप टाकायचं काम तिच्याकडेच असतं. पोळा, आठवडी बाजार, कापूस वेचणी हे विषयही चालतात.

संकल्पचित्राला, म्हणजे नक्षीच्या पाठाला, पैठणीचा काठ पुरतो. चौकटीच्या वहीत एक मोर किंवा कमळ बसवायचं आणि तेच पुढे पुढे नेत राहायचं. पुनरावृत्तीवर भाषण द्यावं लागत नाही. रंगपेट्या सगळ्यांकडे नसतात, तेव्हा दोनच रंगांत काम द्या. चित्र उलट नेटकं होतं.

आठवड्यात एकदा तरी गणिताचे सर दारात येतात, 'पोर्शन राहिलाय, आजचा तास देता का?' नम्रपणे नाही म्हणा. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, 'अ'ला 7, 'ब'ला 5, 'क'ला 3. हे सांगितलं की मुख्याध्यापकही तुमच्या बाजूने होतात. मला स्वतःला चित्रकलेची वकिली गुणांच्या भाषेत करणं आवडत नाही, पण तास वाचतो.

शनिवारी सकाळची शाळा. सोबत्यांचे पाठ बघायचे, निरीक्षण वही भरायची. मुलांची चित्रं फाईलसाठी ठेवून घेण्याची पद्धत आहे. फोटो काढा आणि चित्रं परत द्या, त्यांना घरी दाखवायची असतात.