बीपी आहे ना, मग किडनीकडेही बघा
इंदुरात राहून पोह्यांवर शेव नको म्हणणं अवघड आहे, पण बीपी असेल तर आधी मीठच कमी करा, दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, त्यात शेव, लोणचं, पापड सगळं आलं. मीठ वाढलं की शरीरात पाणी साठतं, रक्ताचं प्रमाण वाढतं नि प्रेशर चढतं. शिवाय किडनीला रक्त कमी पोचलं की ती रेनिन नावाचा पदार्थ सोडते, त्यामुळे पुढे अँजिओटेन्सिन नावाचं हार्मोन बनतं, त्याने रक्तवाहिन्या आवळतात, बीपी अजून वर! म्हणून वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासाच. गुडघे दुखले की मनानेच डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका हो, त्याने किडनीला त्रास होतो नि बीपीही वाढू शकतं. लो सोडियम मीठसुद्धा डॉक्टरांना विचारूनच, त्यात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साठू शकतं.