बीएस्सी फिजिक्स करताय? या चुका टाळा

फिजिक्स बिघडायला सुरुवात होते प्रॅक्टिकलच्या टेबलावर. साध्या दोलकावरून g (गुरुत्वीय त्वरण) काढायचा असतो, उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे रीडिंग ‘जुळवली’ जातात. उरलेलं सीनियरच्या जर्नलमधून उतरतं.

जुळवू नका, चूक शोधा. g १०.८ आला? बहुधा स्टॉपवॉच ‘एक’ म्हणताना सुरू केलंत आणि ‘वीस’ म्हणताना थांबवलंत. दोलनं झाली १९, भागलंत २० ने. मोजणी शून्यापासून करा. g ९.७ च्या आसपास येतोय? मग दोऱ्याच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली का ते बघा. मीटरभर दोऱ्याला सेंटीमीटरभर त्रिज्या विसरली की g साधारण १ टक्का कमी येतो. गंमत म्हणजे T² (T म्हणजे एका दोलनाचा वेळ) विरुद्ध लांबी असा आलेख काढला की हीच चूक उघडी पडते: रेषा आरंभबिंदूतून जात नाही. चढ मात्र तोच राहतो, त्यामुळे चढावरून काढलेला g बरोबर येतो! आलेख का काढायला लावतात, याचं उत्तर व्हायवात इतकंच द्यायचं असतं. आणि उत्तरापुढे ±, म्हणजे किती चूक असू शकते ते, लिहाच. लीस्ट काउंट (उपकरणावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) पहिल्या पानावर लिहून पुढे विसरून जाण्यासाठी नसतो.

चूक शोधण्याची ही सवय पुढे पगाराशी जोडलेली असते. कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन कुठून आणि किती द्यायचं याची आखणी डॉक्टरांसोबत मेडिकल फिजिसिस्ट करतो, मशीनही तोच तपासतो. रोजच्या तपासणीत मशीनचं आउटपुट साधारण ३ टक्क्यांच्या आत असावं लागतं. तिथे जुळवलेलं रीडिंग म्हणजे रुग्णाला चुकीचा डोस. एमएस्सी फिजिक्सनंतर बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा त्यासाठीच आहे. आपल्याकडे या वाटेबद्दल फार कमी मुलांना माहिती असते, हे मला खरोखर खटकतं.

दुसरी मोठी चूक गणित सोडण्याची. जड जातं म्हणून विषय बदलला जातो, आणि तिसऱ्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्स समोर येतं तेव्हा आयगेनव्हॅल्यू आणि डिफरन्शियल इक्वेशन दोन्ही अनोळखी निघतात. विषय सुटलाच असेल तर मॅट्रिक्स, व्हेक्टर कॅल्क्युलस, साधी डिफरन्शियल इक्वेशन्स आणि फुरिए सिरीज एवढं तरी स्वतः करा. वाचून नाही, वहीवर सोडवून. डेरिव्हेशन पाठ करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

‘फिजिक्स घेतलं म्हणजे इस्रो’ हा समज घरोघरी आहे. इस्रोत सायंटिस्ट-इंजिनिअर पदांची भरती बहुतांशी इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर अशा इंजिनिअरिंगच्या शाखांतून होते. अवकाशाचं फिजिक्स करायचं असेल तर अंतराळ विभागाचीच अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आहे. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, आणि खोडदची ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्था आहे. तिथे पोचायला पीएचडीची वाट धरावी लागते आणि तिला वर्षं लागतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आता तारखा. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. परीक्षा फेब्रुवारीत असते, पण फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भरले जातात. टीवायचा (तिसऱ्या वर्षाचा) निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याचं वर्ष गेलंच. शिवाय पेपरात मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑप्टिक्स असं पहिल्या-दुसऱ्या वर्षाचंच बरंच असतं, त्यामुळे एफवायची पुस्तकं रद्दीत घालू नका. उन्हाळ्यातल्या संशोधन फेलोशिपचे अर्जही साधारण आदल्या हिवाळ्यातच जातात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठी एनआययूएस नावाचा उपक्रम आहे, त्याची माहिती पहिल्याच वर्षी काढा.

पदवीवरच थांबायचं असेल तर ‘बीएस्सीला कोण विचारतं’ म्हणत बसू नका. हवामान खात्याच्या सायंटिफिक असिस्टंटची भरती एसएससीने (केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनने) केलेली आहे, त्यात फिजिक्स घेतलेली बीएस्सी चालते. बीएड करून शाळेत शिकवता येतं. डेटाच्या कामाकडे वळायचं तर पायथन आत्ताच शिका, आणि पहिला प्रोग्रॅम म्हणून आपल्याच जर्नलमधला एखादा आलेख काढून बघा.