पाइपात टर्बाइन बसवण्याआधी

इमारतीच्या पाइपातून वाहणाऱ्या पाण्यावर थोडी वीज करायची असेल, तर टर्बाइन नंतर घ्या, आधी दाब मोजणारं एक प्रेशर गेज आणा. त्याही आधी पाणी वर कोण चढवतं ते बघा. गच्चीवरची टाकी पंपाने भरत असेल, तर खाली येणाऱ्या पाण्यातली ऊर्जा म्हणजे पंपाने खाल्लेल्या विजेचाच उरलेला हिस्सा. ३० मीटर उंचीवरून १,००० लिटर पाणी उतरलं तरी त्यात जेमतेम ८२ वॉट-तास असतात, आणि ते वर चढवायला त्याहून बरीच जास्त वीज गेलेली असते. म्हणून आपल्याला हवा आहे तो फक्त नाहीतरी वाया जाणारा दाब. उंच इमारतीत खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, तो असा दाब दिवसरात्र वाया घालवतो. टर्बाइनची खरी जागा त्याच्या शेजारी.

जागा ठरली की मापं घ्या. गेज नळ बंद असताना बघा, मग पूर्ण सोडून बघा. हिशेबात दुसरा आकडा धरायचा, कारण पाणी थांबलेलं असताना दाब नेहमीच जास्त दिसतो. प्रवाहासाठी बादली आणि घड्याळ पुरतं. लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर (पाण्याच्या उंचीत धरलेला दाब) गुणिले ९.८, की वॉट मिळाले. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर. मिनिटाला १२ लिटर पाणी आणि १ बार दाब खर्चायची तयारी असेल, तर पाण्यात २० वॉट आहेत. छोट्या यंत्रातून त्यातले निम्मेही हाती लागले तर छान. आता हे पाणी दिवसात किती वेळ वाहतं? अर्धाच तास वाहत असेल तर एखादा गळतीचा सेन्सर किंवा जिन्यातला छोटा एलईडी, एवढीच अपेक्षा ठेवा. माझ्या मते तेवढ्यासाठीही हे करण्यासारखं आहे, कारण तारा न ओढता सेन्सर चालतो.

इमारतीची परवानगी घ्या, प्लंबरला आधीच जागा दाखवा. बायपास, म्हणजे यंत्राला वळसा घालणारी पाइपची दुसरी वाट, हवाच: तीन व्हॉल्व्ह आणि दोन्ही बाजूंना युनियन (सोडवता येणारा जोड), म्हणजे यंत्र काढलं तरी पाणी बंद पडणार नाही. पाणी यंत्रात शिरण्याआधी गाळणी बसवा, गंजाचा एक कपचा पात्यात अडकला तरी चाक थांबतं. पिण्याची लाइन असेल तर पाण्याला लागणारा प्रत्येक भाग पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित हवा. इथे तडजोड करू नका. व्हॉल्व्ह सावकाश फिरवा, झटक्याने बंद केला तर पाइप दणकतो.

विजेच्या बाजूला रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा), फ्यूज आणि बॅटरी लागते. बॅटरी भरल्यावर लोड सुटला की जनरेटर मोकाट पळतो आणि व्होल्टेज चढतं, तेव्हा जादा वीज जिरवणारा रेझिस्टर जोडायचा. सगळी पेटी पाइपच्या वर, ओल लागणार नाही अशी.

चालू झाल्यावर पुढच्या नळाचा दाब बायपासवर आणि टर्बाइनवर, दोन्हीकडे मोजून भिंतीवर लिहून ठेवा. शॉवर मंदावला तर टर्बाइन बंद. पहिले काही दिवस गाळणी रोज उघडा.