माकडहाडावरचा लाल चट्टा कसा गेला: माझा अनुभव

मुलगा 19 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसतो). स्वतः कूस बदलता येत नाही. फोंड्याच्या पावसाळ्यात माकडहाडावर लाल चट्टा उठला, दाबला तरी पांढरा होईना, म्हणजे बेडसोअरची (दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात. पावडर, खोबरेलाची मालीश, भोकाची उशी, सगळं फुकट. (मालीशने उलट बिघडतं.) मी रडकुंडीला आले होते.

खरं कारण घसरणं. पेज भरवून पलंगाचं डोकं उंचच राहायचं, तो खाली सरकायचा.

आता आधी गुडघ्यांखाली उशी, मगच डोकं वर. भरवल्यावर अर्ध्या तासाने डोकं 30 अंशांवर. त्याला वर घ्यायचं तर दोघांनी चादरीसकट उचलायचं, ओढायचं नाही. मग पाठीला उशी लावून 30 अंश कलता, दर दोन तासांनी कूस बदल, पोटऱ्यांखाली कापडाची घडी, टाचा अधांतरी. रात्री गजर लावून.

आठव्या दिवशी चट्टा दाबल्यावर पांढरा झाला, बाराव्याला गेला. कातडी फुटली असती तर मात्र थेट डॉक्टर.