सबसिडीचा कायदा अंगवळणी कसा पाडावा

उद्योगांना मिळणाऱ्या सरकारी सबसिडीचा कायदा शिकायला येणारे नवे वकील आणि सीए बहुतेक वेळा एक रंगीत तक्ता घेऊन येतात. लाल म्हणजे निषिद्ध, पिवळी म्हणजे कारवाईला पात्र, हिरवी म्हणजे सुरक्षित. हा तक्ता आधी बाजूला काढा. जागतिक व्यापार संघटनेच्या सबसिडी करारातला हिरवा गट १९९९ च्या अखेरीसच संपला. संशोधन, मागास भाग, पर्यावरण असं नाव दिलं म्हणून आज कोणतंही अनुदान आपोआप सुटत नाही. शेती करारातली हिरवी पेटी, म्हणजे शेतीला देता येणाऱ्या मदतीचा तिथला गट, निराळी; तिची इथे सरमिसळ करू नका.

वाचन थोडकं ठेवा. सबसिडी करारातली कलमं १, २, ३ आणि १४. भारतीय बाजूने कस्टम्स टॅरिफ कायदा, १९७५ चं कलम ९ आणि १९९५ चे नियम. एका दुपारचं काम आहे. गॅटच्या, म्हणजे या संघटनेआधीच्या व्यापार कराराच्या, इतिहासापासून सुरुवात करणारे वर्ग मला पटत नाहीत; आठवडा जातो आणि हाताला काही लागत नाही.

मग एक खरा जीआर घ्या. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचा घेतलात तर उत्तम, कारण या योजनेतल्या सवलती अमेरिका आणि युरोपीय संघ या दोघांच्या सीव्हीडी तपासांत, म्हणजे काउंटरव्हेलिंग ड्युटीच्या चौकशीत, येऊन गेल्या आहेत. परदेशी सरकारच्या सबसिडीचा फायदा पुसून टाकायला आयात करणारा देश जो जादा कर लावतो, तीच ही ड्युटी. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: देणारं कोण, दिलं काय, अट कोणती. वीज शुल्काची माफी हीसुद्धा देणगीच आहे. सरकारने हक्काचा महसूल सोडला, की तो ‘आर्थिक योगदान’ ठरतो.

अटीच्या रकान्यात निर्यात किंवा देशी माल वापरण्याची सक्ती दिसली, तर थेट कलम ३. भारताच्या एमईआयएस या निर्यात प्रोत्साहन योजनेविरुद्ध २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलचा निर्णय गेला तो याच कलमावर. १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप, म्हणजे निर्यात मालावरचे कर परत देणारी योजना, आली.

देणाऱ्याच्या रकान्यात सरकारी कंपनी असेल तर घाई करू नका. भारतीय पोलादावरच्या अमेरिकी ड्युटीच्या वादात एनएमडीसी ही लोहखनिज काढणारी सरकारी कंपनी करारातल्या अर्थाने ‘सार्वजनिक संस्था’ आहे का, हा प्रश्न होता. अमेरिकेने सरकारच्या भागभांडवलावर आणि संचालक नेमण्याच्या अधिकारावर बोट ठेवलं. जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं, एवढ्याने भागत नाही. त्या संस्थेकडे सरकारी अधिकार आहे आणि ती तो वापरते, हे दिसलं पाहिजे. तो निकाल मुळातून वाचा, सारांशावर विसंबू नका.

आता खरी अवघड पायरी: ‘लाभ’ मोजणं. मी इथेच अडकले होते. एका कंपनीला औद्योगिक वसाहतीत सरकारी भूखंड मिळाला होता. मी टिपण केलं की सरकारने जमीन फार पूर्वी स्वस्तात संपादित केली, कंपनीला त्याहून महाग विकली, सरकारचा तोटा शून्य, म्हणून सबसिडी नाही. मला ते टिपण बिनतोड वाटत होतं. माझ्या वरिष्ठांनी कलम १४ चं शीर्षक माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. त्यात ‘घेणाऱ्याला होणारा लाभ’ असे शब्द आहेत. सरकारच्या खर्चाचा त्यात उल्लेखच नाही. कॅनडाने विमानांच्या प्रकरणात सरकारच्या खर्चाचा मुद्दा मांडून पाहिला होता, तो १९९९ मध्येच फेटाळला गेला. ते टिपण मला मुळापासून पुन्हा लिहावं लागलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाकडून हाच हिशेब हाताने करून घेते. समजा, सरकारने जमीन २०० रुपये चौरस मीटरने घेतली, कंपनीला ८०० ने दिली आणि तसाच खासगी भूखंड ३,००० ला जातो. सरकारला ६०० चा नफा आहे, तरीही कंपनीचा लाभ २,२०० रुपये. भूखंड २०,००० चौरस मीटरचा असेल तर ४ कोटी ४० लाख. कर्जाचंही तेच. १० कोटींवर ६ टक्के व्याज आणि त्या कंपनीला बाजारात खरोखर मिळू शकणारं तशाच प्रकारचं कर्ज १० टक्क्यांचं, तर वर्षाचा लाभ ४० लाख. सरकारने ते पैसे किती टक्क्यांनी उचलले, हे विचारूच नका.

यातली मेख तुलनेच्या दरात आहे. शेजारचा खासगी भाव सापडला की लोक थांबतात. थांबू नका. त्या भागात सरकारच सगळ्यात मोठा जमीनदार असेल, तर खासगी भावही त्याच्याच भावामागे फरफटत जातो. अशा वेळी देशाबाहेरचा दर घेता येतो, हे कॅनडाच्या लाकडाच्या प्रकरणात २००४ मध्ये मान्य झालं. पण सरकारचा बाजारात हात आहे एवढ्याने ती मुभा मिळत नाही. भाव खरंच बिघडलेत हे दाखवावं लागतं. कंपनीच्या बाजूने लढताना हे वाक्य तुमचं हत्यार आहे. म्हणून देशातल्या खासगी व्यवहारांचे नोंदणीकृत दस्त आधीच गोळा करून ठेवा. दलालाने तोंडी सांगितलेला भाव कुणी धरत नाही.

ड्युटी फक्त ‘विशिष्ट’ सबसिडीवर लागते, म्हणून पुढे ती तपासायची. विशिष्टता सोपी आहे: सवलत ठरावीक उद्योगांपुरती किंवा देणाऱ्याच्या हद्दीतल्या ठरावीक भागापुरती असेल तर ती विशिष्ट. निर्यातीवर बेतलेली असेल तर विचारायचीच गरज नाही, ती विशिष्टच धरली जाते.

लाभ विक्रीच्या किती टक्के, ही टक्केवारी काढताना भाजक तपासा. निर्यातीशी जोडलेला लाभ निर्यात विक्रीने भागायचा, बाकीचा एकूण विक्रीने. यंत्रसामग्रीवरचं एकरकमी अनुदान यंत्राच्या आयुष्यावर पसरवायचं. इथे चूक झाली तर अर्ध्या टक्क्याचा फरकही महागात पडतो, कारण अमेरिकेने २०२० मध्ये भारताला विकसनशील देशांच्या यादीतून काढलं आणि तपासातली माफीची मर्यादा, म्हणजे जिच्याखाली सबसिडी असेल तर ड्युटी लागत नाही ती, २ वरून १ टक्क्यावर आली.

शेवटी जुन्या तपासाची प्रश्नावली घ्या आणि पूर्ण भरा. उत्तराला किमान ३० दिवस मिळतात. सरावासाठी स्वतःला २० च द्या. एकही चौकट रिकामी सोडू नका. रिकाम्या चौकटीत अधिकारी ‘उपलब्ध माहिती’ भरतात आणि ती बहुधा तक्रारदाराच्या अर्जातून आलेली असते. लाभ मिळालाच नसेल तर तसं लिहा आणि त्याखाली लेखापरीक्षित ताळेबंदाचा पान क्रमांक टाका.