‘उबी’ म्हणजे कुठं? सोलापुरी माणसाला तीन मिनिटांत

‘उबी’ हा लॅटिन शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ‘उभी’च ऐकलं. गाडी उभी, तशी. तेवढी गफलत टाळा; अर्थ आहे ‘कुठे’.

प्रश्न करायचा तर उबी पुढं, मग ‘एस्त’ म्हणजे आहे. उबी एस्त तेम्प्लुम? देऊळ कुठंय? सिद्धेश्वराचं विचारलं असेल तर उत्तर सोपं: इन लाकू. तळ्यात!

खरी गंमत पुढं आहे. ‘कुठं बसलास’ आणि ‘कुठं निघालास’ दोन्हीला आपण ‘कुठं’च म्हणतो. लॅटिनमध्ये तसं चालत नाही. जागा विचारताना उबी, जायची दिशा विचारताना ‘क्वो’, कुठून आलास तर ‘उंदे’. मला हे पाठ होईना. शेवटी शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकूंमुळं डोक्यात बसलं: एल्ली, एल्लिगे, एल्लिंद. अगदी तेच तीन खण! सोलापुरात राहण्याचा हा फायदा पुण्यात मिळायचा नाही.

प्रश्न नसेल तर उबी म्हणजे ‘जिथं’, आणि त्याचा जोडीदार ‘इबी’ म्हणजे ‘तिथं’. रोमन लग्नात नवरी म्हणायची, ‘उबी तू गायुस, एगो गाया’: जिथं तू गायुस, तिथं मी गाया (गायुस हे पुरुषाचं रोमन नाव, गाया त्याचंच बाईचं रूप). आपला उखाणा मात्र यापेक्षा रंगतदार, हे माझं मत.

कधी उबीचा अर्थ ‘जेव्हा’ किंवा ‘करताच’ असाही होतो. उबी होक आउदीवित म्हणजे ‘हे ऐकताच’. वाक्यात जागेचा पत्ताच लागत नसेल, तर हा अर्थ लावून पाहा.